पुणे–सासवड मजल : लेकीला पत्र

चि. सईस अनेक आशीर्वाद.

माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. आळंदी-पंढरपूर वाटेवरची ही सगळ्यात लांब मजल, ३० किलोमीटरच्या वर. त्यात दिवेघाट लागतो तो पाय थकल्यावर. म्हणून हडपसरपर्यंत पाय राखून चाल. सकाळच्या गार हवेत, टाळ-मृदंगाच्या नादात पावलं भराभर पडतात आणि घाटाच्या पायथ्याच्या वडकी गावानंतर ती उचलत नाहीत.

बूट महिनाभर वापरलेलेच घाल, बोटांपुढे थोडी जागा असलेले. दुपारपर्यंत पाय सुजतात. फोड घासण्याने येतो आणि ओल्या कातडीवर लवकर येतो. मोज्यांचे तीन जोड घे, दर विसाव्याला बदल, भिजलेला पिशवीला बाहेरून अडकव. टाचेला चटका जाणवला की तिथेच रस्त्याच्या कडेला बस, पाय पुसून कोरडा कर, कागदी चिकटपट्टी सुरकुती न पडता लाव. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हटलंस की फोड आलाच. आला तर वरची कातडी मुळीच सोलू नकोस.

बहुतेक वर्षी या दिवशी एकादशी असते. उपास धर, पण निर्जळी नको. घामाबरोबर मीठही जातं, नुसत्या पाण्याने ते भरून निघत नाही. सैंधव घातलेलं लिंबू सरबत बरोबर ठेव, अर्ध्या तासाला चार घोट घे. वाटेत खिचडी भरपूर मिळेल. एकदम पोटभर खाऊन घाट चढू नकोस. केळं नि शेंगदाण्याचा लाडू बरा.

हडपसरला तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, आपली उजवीकडे सासवड रस्त्याला वळते. गर्दीत तिथे लक्ष ठेव. फोन लागेलच असं नाही, म्हणून दिंडीचा क्रमांक, रथापुढची की रथामागची, हे कागदावर लिहून खिशात ठेव. मोठं सामान ट्रकने पुढे जातं. औषधं आणि पावसाचा कागद मात्र स्वतःजवळ हवा.

घाटात पावलं लहान टाक, बोलणं कमी कर, श्वास पुरेल. रथाला जादा बैलजोड्या लावतात. त्यांच्या जवळून चालायचं नाही, वळणावर बैल कुठे सरकतील सांगता येत नाही. खाली मस्तानी तलाव दिसतो, पण फोटोसाठी कठड्यावर चढू नकोस. माथ्यावर वारा झोंबतो, तिथे कोरडा सदरा घाल. आणि माथा म्हणजे सासवड नव्हे, अजून दहाएक किलोमीटर सपाटीची वाट आहे. घाट सर झाला म्हणून मन सैल पडतं, माणसं बसतात ती इथेच. बसलीस तरी पाच मिनिटांवर नको, पाय आखडतात.

तळावर पोचलीस की आधी पाय धू, मग समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्यांच्या एकत्र आरतीला, उभी राहा. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की एवढा समुदाय एकदम शांत होतो. तेव्हा एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले, तर समज, तिची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातील, ती ऐकून घेतील, मगच आरती होईल.

तुझी,
आई