बॉयलरचा दाब आणि खात्रीचा प्लंबर

महोदय,

ब्रिटनमध्ये थंडी पडली की इथल्या मराठी घरांतही घर तापवणाऱ्या गॅस बॉयलरमधल्या पाण्याचा दाब उतरल्याची ओरड सुरू होते. यंत्रणा गार असताना दाबाचा काटा साधारण १ ते १.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) हवा. खाली असेल तर फिलिंग लूपचा, म्हणजे यंत्रणेत नळाचं पाणी भरणाऱ्या जोडनळीचा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा आणि १.५ च्या आत घट्ट बंद करा. दोन-चार दिवसांत काटा पुन्हा उतरला, तर नुसतं पाणी भरत बसू नका. तापताना काटा ३ कडे चढत असेल, बाहेरच्या भिंतीवरच्या तांब्याच्या नळीतून थेंब टपकत असतील, तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलेली असते. रेडिएटरची गळती प्लंबर काढेल. बॉयलर मात्र ‘गॅस सेफ’ (गॅसची कामं करणाऱ्यांची ब्रिटनमधली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्यालाच उघडू द्या. त्याचं ओळखपत्र उलटून पाहायला संकोचू नका. कोणत्या कामाची परवानगी आहे, ते मागेच छापलेलं असतं.

– एक वाचक, लंडन