हेलिकॉप्टर कुठे तोडायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलगी सातवीत आहे, तिला क्लासमध्ये इंग्रजीतला ४५ अक्षरांचा तो न्यूमोनो-वाला शब्द (फुप्फुसाच्या एका आजाराचं नाव) पाठ करायला दिला, आणि पोरीने तो पोपटासारखा केलाही, पण अर्थ विचारला तर गप्प. अहो, न्यूमोनो म्हणजे फुप्फुस, सिलिको म्हणजे सिलिका, कोनिऑसिस म्हणजे धुळीमुळे होणारा आजार, एवढं सांगितलं असतं तर रट्टा मारायची गरजच नव्हती ना!

आता गंमत बघा, हेलिकॉप्टर आपण हेलि आणि कॉप्टर असं तोडतो, बोलायला ते सोपंच आहे, पण मूळ ग्रीक तुकडे हेलिको आणि प्टर, म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा पंख. टेरोडॅक्टिल ह्या उडणाऱ्या प्राण्याच्या नावात स्पेलिंगला पुढे जो न बोलला जाणारा पी आहे, तो ह्याच प्टरचा. म्हणजे उच्चाराचे तुकडे वेगळे, अर्थाचे वेगळे, आणि हे शाळेत कुणी सांगतच नाही.

तिसरी भानगड जोराची, म्हणजे इंग्रजी शब्दातला कुठला भाग ठासून बोलायचा त्याची. फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीमध्ये 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. शेवटी इक किंवा शन आलं की जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी, एज्युकेशनमध्ये 'के'वर. मराठीत जोर बदलून शब्द बदलत नाही, म्हणून आपण सगळं सपाट बोलतो (मीसुद्धा, ऑफिसात 'डेव्हलप' म्हणताना पहिल्यावरच जोर देतो, खरा तो 'व्हे'वर).

तुमच्या शालेय पुरवणीत स्पेलिंगच्या कोड्याशेजारी रोज एक शब्द असा फोडून द्या की.

आपला,
एक पालक, पुणे