म्हाताऱ्या निळ्या ताऱ्यांसाठी एक दुर्बीण: विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र एका अतिनील दुर्बिणीच्या प्रस्तावाबद्दल आहे, पण सुरुवात दोन तारकागुच्छांपासून करावी लागेल. वृश्चिक राशीत एनजीसी ६३८८ आणि एनजीसी ६४४१ (हे त्यांचे सूचीतले क्रमांक) असे दोन गोलाकार तारकागुच्छ आहेत. खगोलनिरीक्षक जेम्स डनलॉप यांनी ते १८२६ साली नोंदवले. तारे अब्जावधी वर्षांचे, आणि अशा गुच्छांच्या मानाने धातूंनी समृद्ध: सूर्याच्या पाव ते एक-तृतीयांश. (हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळे खगोलशास्त्रात ‘धातू’च, अगदी ऑक्सिजनसुद्धा. रसायनवाल्यांनी समजून घ्यावे.)

तांबडा राक्षसी तारा झाल्यावर अशा ताऱ्याच्या गाभ्यात हेलियम पेटते. गाभा सूर्याच्या जवळपास निम्म्या वस्तुमानाचा असतो. पुढे तारा किती तापलेला दिसणार, हे त्याच्या अंगावर हायड्रोजनचे आवरण किती उरले यावर ठरते. धातू जास्त असले की आवरणातून प्रकाश सहज बाहेर पडत नाही. तारा फुगलेला, थंड, तांबूस राहतो. म्हणून या गुच्छांत असे तारे तांबूसच असायला हवे होते. बहुतेक आहेतही. पण १९९७ साली हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून, ताऱ्यांच्या रंग आणि तेजाच्या आलेखावर, निळ्या, उष्ण ताऱ्यांची लांबच लांब शेपटी समोर आली. त्यातल्या टोकाच्या ताऱ्यांचा पृष्ठभाग २०,००० केल्व्हिनच्याही वर. सूर्याचा जेमतेम ५,८००.

आणखी एक गोष्ट खटकते. या गुच्छांतले ‘आरआर लायरी’ जातीचे स्पंदनशील तारे सरासरी ०.७ दिवसांहून जास्त वेळ घेऊन लुकलुकतात. इतर गोलाकार गुच्छांचे दोन गट पडतात, साधारण ०.५५ आणि ०.६५ दिवसांचे. हे दोघे कशातच बसत नाहीत. म्हणजे ताऱ्यांनी आवरण जास्त गमावले, एवढे म्हणून भागत नाही. स्पंदन इतके संथ, म्हणजे ते मुळातच जास्त तेजस्वी असले पाहिजेत. आज सर्वात पटणारे उत्तर हेलियमचे आहे: काही तारे जन्मतःच पाव भागाऐवजी एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त हेलियम घेऊन आले. असे तारे लवकर म्हातारे होतात, हलके राहतात आणि निळे दिसतात. पण एवढे हेलियम गुच्छात साठले कसे, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडेही नाही.

दोन गुच्छांपायी एवढे पत्र कशाला, असे आपल्या कचेरीत कुणीतरी म्हणेलच. १९६९ साली ओएओ-२ या उपग्रहाला देवयानी दीर्घिकेच्या म्हाताऱ्या गाभ्यातून अपेक्षेपेक्षा जास्त अतिनील प्रकाश येताना दिसला. पुढे अनेक लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तेच आढळले. तो प्रकाश नव्याने जन्मलेल्या ताऱ्यांचा आहे असे धरले, तर त्या दीर्घिकेचा सगळा इतिहासच चुकतो. आज त्याचे श्रेय मुख्यतः अशाच म्हाताऱ्या उष्ण ताऱ्यांना दिले जाते. पण दूरच्या दीर्घिकेत तारे सुटे दिसत नाहीत. आपल्याच आकाशगंगेतल्या या गुच्छांत ते एकेक करून मोजता येतात.

मोजायला मात्र अवकाशात जावे लागते, कारण वातावरण हा अतिनील प्रकाश अडवते. शिवाय दृष्टी बारीक हवी. एनजीसी ६३८८ चा निम्मा प्रकाश अवघ्या अर्ध्या कलेच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) त्रिज्येत कोंबलेला आहे. दृश्य प्रकाशात तिथे राक्षसी तारे सगळ्यांना झाकून टाकतात. अतिनील छायाचित्रात तेच राक्षसी तारे विरून जातात आणि निळे ठिपके सुटे होतात. गॅलेक्स ही अतिनील अवकाश दुर्बीण सुमारे पाच विकलांपर्यंतच (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वेगळे पाहू शके. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील ‘यूव्हीआयटी’ ही अतिनील दुर्बीण दीड विकलांपर्यंत पोहोचली आणि अनेक गुच्छांत तिने उत्तम काम केले. मात्र २०१५ साली सोडलेल्या या यंत्राचा निकट-अतिनील भाग २०१८ मध्येच बंद पडला. हबल १९९० पासून वर आहे, २००९ नंतर तिची दुरुस्ती झालेली नाही. जेम्स वेब ही नवी अवकाश दुर्बीण अतिनील पाहतच नाही.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेने एक मीटर वर्गाच्या अतिनील दुर्बिणीचा, ‘इन्सिस्ट’चा, प्रस्ताव मांडलेला आहे. माझी मागणी त्याच्यापुरतीच आहे: निधी आणि प्रक्षेपणाचे वेळापत्रक लेखी जाहीर करावे, किंवा नकार द्यायचा असेल तर त्याची कारणे. अशा दुर्बिणीवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय त्यावरूनच ठरवावा लागेल.

कळावे,
आकाशनिरीक्षणाचा नाद असलेला एक नागरिक