दिवाळीला मुलांच्या हातची भेट: मैत्रिणीस पत्र

पुणे,
दसरा

प्रिय सुमा,

सप्रेम नमस्कार. सहामाही परीक्षा संपली की ओवी आणि चिन्मयकडून दिवाळीसाठी काहीतरी करून घ्यायचंय, आणि ते आजी, मामा, आत्या यांना द्यायचंय, असं तू लिहिलंस. आज दसरा, वसुबारस साधारण सतरा दिवसांवर आहे. वेळ पुरेसा आहे, पण सुकवायच्या गोष्टी आधी हाती घ्यायला हव्यात. मुलांच्या हातच्या वस्तू बिघडतात त्या बहुतेक ओल राहिल्यामुळे, कौशल्य कमी पडल्यामुळे फार क्वचित.

दुसरं असं, की शोभेच्या वस्तू नकोत. आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड आजी कौतुकानं घेते आणि कपाटावर ठेवते. त्यापेक्षा ज्या घरी वस्तू जायची, त्या घरात त्या चार दिवसांत काय लागतं ते बघ. उटणं लागतं, पणत्या लागतात, ओवाळणीची पाकिटं लागतात, देवापुढे कापसाची वस्त्रं लागतात. जे लागतं तेच मुलांनी करावं, म्हणजे ते खरोखर वापरलं जातं.

उटण्यापासून सुरुवात कर, कारण त्यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात. अर्धा किलोचं प्रमाण देते: मसूर डाळ २०० ग्रॅम, मुलतानी माती १००, संत्र्याच्या सालीची पूड ६०, नागरमोथा ३०, गव्हला कचोरा ३०, वाळा २०, गुलाबपाकळी २०, आंबेहळद २० आणि चंदन पावडर २०. चंदन खात्रीचं मिळत नसेल तर सरळ वगळ आणि गव्हला कचोरा ५० कर. स्वस्तातली ‘चंदन पावडर’ बऱ्याचदा दुसऱ्याच लाकडाचा सुगंध लावलेला भुसा असते.

घरी फक्त डाळ आणि साल दळायची. नागरमोथा आणि वाळा काष्ठौषधींच्या दुकानातून पूड करूनच आण. ही मुळं आहेत. वाळ्याचे तंतू मिक्सरच्या पात्याला गुंडाळले जातात आणि पातं अडकतं. आंबेहळदीच्या जागी स्वयंपाकाची हळद मात्र अजिबात चालवून घेऊ नकोस. अभ्यंगस्नानानंतर नवे कपडे घालायचे असतात, आणि हळदीनं गळपट्टी पिवळी होते.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या मोहोराची संत्री दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात, त्यामुळे साल घरचीच मिळेल. पाव किलो ओल्या सालीची पूड जेमतेम साठ ग्रॅम भरते, म्हणजे दीडएक किलो संत्री तरी खायला हवीत, पण त्याला मुलांची ना नसेल. साल सोलल्यावर आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडून काढायला सांग, तोच पाणी धरून ठेवतो. मग सालीचे बोटाएवढे तुकडे करून ते सुती कापडावर एकेरी पसरायचे. तुमच्याकडे ठाण्याला हवा दमट, म्हणून पाच-सहा दिवस धर. उन्हं उतरली की साल घरात घ्यायची, नाहीतर रात्रीची हवा दिवसभराचं सुकणं वाया घालवते. साल वाळली का हे ओवीलाही ओळखता येईल: तुकडा वाकवला की ‘कट’ आवाज करून तुटला पाहिजे. नुसता वाकला तर अजून एक दिवस उन्हात. अर्धवट वाळलेली साल दळली तर आठवड्यात पुडीत गोळे होतात आणि उघडताना कुबट वास येतो.

मसूर डाळ धुवायची नाही. ओल्या फडक्यानं पुसून दोन दिवस उन्हात ठेवायची आणि कच्चीच दळायची. मिक्सरमधून निघालेलं पीठ कोमट असतं, ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ दे. गरम पीठ पुडीत बांधलं तर आतून वाफ धरते.

आता चाळणं. या कामाला घाई नको. आधी पिठाची चाळणी, मग स्वच्छ मलमलचं फडकं. एक मोठं पातेलं घ्यायचं, फडकं त्याच्या तोंडावर सैलसर बांधायचं, वर दोन मुठी मिश्रण घालून तळहातानं हलके गोल फिरवत राहायचं. खाली जे पडतं ते पिठीसाखरेसारखं मऊ असतं. फडक्यावर जी भरड उरते तिच्यात वाळ्याच्या कुसळासारखे बारीक तंतू दिसतील, तेच अंगाला टोचतात. ती भरड पुन्हा एकदा दळ, तरीही उरली तर झाडांना घाल. चाळताना दोघांच्याही नाकाला रुमाल बांध आणि पंखा बंद ठेव, मुलतानी माती फार उडते.

पन्नास ग्रॅमची एक पुडी, माणशी दोन चमचे शिगोशीग भरून, पाच जणांना पुरते. आत बटर पेपर आणि बाहेर खाकी कागद घे. प्लॅस्टिकची पिशवी नको, हवेतला दमटपणा तिच्यात कोंडतो. वजन चिन्मयला करू दे, अकरा वर्षांच्या मुलाला ते नीट जमतं. पुडीवरची अक्षरंही मुलांचीच असू देत, फक्त जेल पेन नको, ओलं बोट लागलं की ते फिसकटतं. बॉलपेननं घटक, तारीख आणि ‘आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, तीन महिन्यांत वापरा’ एवढं लिहायचं. आजीच्या पुडीवर ‘दुधात किंवा सायीत कालवा’ हे वेगळं लिही, उतारवयात त्वचा कोरडी असते. तान्ह्या बाळाच्या घरी उटणं देऊ नकोस.

साल वाळतेय तोवर पणत्या. धारावीचा कुंभारवाडा तुला फार लांब नाही, तिथून साध्या, न रंगवलेल्या घे. दहा हव्या असतील तर बारा आण. प्रत्येकीवर बोटाचं पेर वाजवून बघ: खणखणीत वाजली तर चांगली, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. घरी आणल्यावर चार-पाच तास पाण्यात बुडवून ठेवायच्या. आधी बुडबुडे येतात, ते थांबले की मातीची छिद्रं भरली. बाहेर काढून जुन्या टूथब्रशनं घासल्या की पृष्ठभागावरची भुकटी जाते. मग पूर्ण दोन दिवस उपड्या न ठेवता कडेवर टेकवून वाळवायच्या. इथेच मुलं घाई करतात. वरून कोरडी दिसणारी पणती आतून ओली असते. त्यावर ॲक्रिलिक रंग दिला की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि रंगाला बारीक फोड येतात. नख लावलं की पापुद्रा अख्खा सुटतो.

रंग ॲक्रिलिकच हवा. पोस्टर कलर किंवा जलरंग ओला हात लागला की निघून येतो. आधी पांढऱ्याचा एक पातळ हात, अर्धा तास थांबून दुसरा, मग मुख्य रंग, आणि सोनेरी सगळ्यात शेवटी. एकच जाड थर दिला तर वाळताना भेगा पडतात. ठिपक्यांसाठी आगकाडीची मागची बाजू ब्रशपेक्षा सोपी, ओवीचे ठिपकेही एकसारखे येतील. आतून मात्र काहीही रंगवायचं नाही, आणि चोचीपासून एक सेंटिमीटर माती कोरीच सोडायची, ज्योत तिथे टेकते. टिकल्या, कुंदन चिकटवायचे असतील तर चोचीच्या विरुद्ध बाजूला, खालच्या अंगाला.

तेल आतून झिरपून बाहेरचा रंग सैल करतं, ही रंगीत पणत्यांची कायमची तक्रार. उपाय घेणाऱ्याच्या हातात आहे, म्हणून खोक्यात चिठ्ठी घाल: ‘लावण्याआधी अर्धा तास पणतीत पाणी भरून ठेवा, मग ओतून, पुसून तेल घाला.’ पाण्यानं भरलेली माती तेल कमी पिते. पणतीखाली छोटी ताटली ठेवा, हेही लिही.

मेणाच्या पणत्या करायच्या असतील तर मेण वितळवायचं आणि ओतायचं काम तू स्वतः कर. पाव किलो मेणात दहा-बारा छोट्या पणत्या होतात. मेणाचं भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यातच ठेव, थेट गॅसवर तापवलं तर पेट घेऊ शकतं. पेटलंच तर गॅस बंद करून वर झाकण टाकायचं, पाणी कधीही नाही. थंड होताना मेण आकसतं आणि वातीभोवती खळगा पडतो, म्हणून चार चमचे मेण मागे ठेव आणि दुसऱ्यांदा ओत.

भाऊबीजेसाठी पाकिटं. मामाला ती लागतातच, तेव्हा पाचाचा संच करून दिला तर तो नक्की वापरेल. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ रुंद असते, त्यामुळे पाकीट साडेसतरा बाय साडेआठ सेंटिमीटरचं केलं की नोट न दुमडता बसते. ए-फोर कागदातून साडेएकोणीसचा चौरस काप. वरून ३ सेंटिमीटरवर एक आडवी रेघ, तिच्याखाली साडेआठवर दुसरी, उरलेला ८ सेंटिमीटरचा भाग म्हणजे पाठ. दोन्ही बाजूंना एक-एक सेंटिमीटर सोडून उभ्या रेघा मार. आता वरच्या आणि खालच्या भागाच्या चारही चिंचोळ्या पट्ट्या कापून टाक, मधल्या भागाच्या दोन तशाच ठेव. त्या आत दुमडून त्यांच्यावर गोंद लावायचा आणि खालचा भाग वर घेऊन चिकटवायचा. संपलेल्या रिफिलनं पट्टीच्या कडेनं रेघ दाबून घेतली तर घडी सरळ येते. गोंद कांडीचा वापर, पातळ फेविकॉलनं कागद सुरकुततो. इथे शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद मिळतो, हवा असेल तर पाठवते.

नक्षी ओवीसाठी राखून ठेव: भेंडीचे ठसे. देठाकडून तीन-चार सेंटिमीटरवर भेंडी आडवी काप, पाच पाकळ्यांचं फूल तयार मिळतं. पण भेंडी बुळबुळीत. कापल्यावर टिश्यू पेपरवर दाबून दहा मिनिटं तशीच ठेवली नाही, तर ठसा कागदाला चिकटतो आणि फुलाऐवजी डाग उमटतो. रंग दह्याइतका घट्ट हवा. तो ओल्या स्पंजवर पसरून भेंडी त्यावर टेकवायची, वाटीत बुडवायची नाही. आधी रद्दीवर दोन ठसे उमटवून मग पाकिटावर. पाकिटावरचं रुपयाचं नाणं दुहेरी चिकटपट्टीनं लाव, फेविकॉल स्टीलला नीट धरत नाही.

आजीच्या देवांसाठी कापसाची वस्त्रं दोघांनाही जमतील. औषधाच्या दुकानातला कापूस पटकन तुटतो, पूजासाहित्याच्या दुकानातला घे आणि सरकी राहिली असेल तर काढ. लांब पट्टी ओढून दर दोन सेंटिमीटरवर दुधाच्या बोटानं पीळ द्यायचा, मधले फुगीर मणी तसेच ठेवायचे. वस्त्राला लावायचं कुंकू गंधाइतकं दाट हवं. पातळ झालं तर सगळ्या मण्यात पसरून वस्त्र गुलाबी होतं. डब्यात घालण्याआधी एक दिवस वाळव.

पणत्या आत्याकडे नेताना दोन-दोन तोंडाला तोंड लावून वर्तमानपत्रात गुंडाळ, मिठाईच्या खोक्यात बसव आणि एसटीत मांडीवर घे, डिकीत टाकू नकोस.

संत्री उद्याच आण. पाठवायचा कागद किती लागेल ते मात्र लगेच कळव, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात टपाल उशिरा पोचतं.

मुलांना आशीर्वाद, काकूंना नमस्कार.

तुझी,
शैला