ड्रॅगनने पगार मागितला तर बिघडलं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेओमी नोव्हिक यांच्या टेमरेअर या ड्रॅगनांच्या कादंबरीमालिकेवर वाचकांची पत्रं तुम्ही सलग दोन रविवार छापलीत. बहुतेकांचा सूर एकच: पहिले तीन भाग झकास, पुढे लेखिकेला ड्रॅगनांच्या हक्कांचं खूळ लागलं आणि लढायांची मजा गेली. मी 31 वर्षं फिटर होतो, त्यातली 9 वर्षं युनियनचं काम केलं. मुलीने पुस्तकं दिली ती ‘बाबा, तुम्हाला युद्धाच्या गोष्टी आवडतात ना’ म्हणून. पहिला भाग अर्धा झाला नाही तोच मला कळून चुकलं, हे प्रकरण युद्धाचं कमी आणि आपल्या खात्यातलं जास्त आहे.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. काळ नेपोलियनचा. ब्रिटिश कॅप्टन लॉरेन्स एक फ्रेंच जहाज पकडतो, त्यावर चीनच्या बादशहाने नेपोलियनला पाठवलेलं ड्रॅगनचं अंडं सापडतं. ते समुद्रातच फुटतं, टेमरेअर बाहेर येतो आणि लॉरेन्सला आरमार सोडून ड्रॅगनांच्या हवाईदलात जावं लागतं. 2006 ते 2016, एकूण नऊ पुस्तकं.

आता लेव्हिटास. पहिल्या भागातला हा छोटासा, निरोप पोचवणारा ड्रॅगन. त्याचा कॅप्टन रँकिन मोठ्या घरचा. ड्रॅगन म्हणजे त्याच्या लेखी घोडा. काम झालं की ढुंकून बघायचं नाही. अंगावरचा पट्टा मळलेला, कातडीला घासतोय, आणि हा आपला वाट बघत बसलेला. आमच्याकडे एक हेल्पर होता, साहेबांनी नावाने हाक मारली तर शिफ्ट संपेपर्यंत खूश असायचा. लेव्हिटास अगदी तसा. नेपोलियनच्या स्वारीची बातमी घेऊन तो जबर जखमी होऊन परततो, मरायला टेकतो, आणि रँकिन जवळ नाही. लॉरेन्स त्याला अक्षरशः ओढत आणून उभा करतो. कॅप्टन आला, एवढ्यावरच त्या जिवाचं समाधान! पुस्तक मिटून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ज्यांना पुढचं ‘हक्कांचं खूळ’ अचानक आलं असं वाटतं, त्यांनी ही पानं परत वाचावीत. बी तिथेच पडलंय.

त्याच भागात लॉरेन्स बक्षिसाच्या पैशातून टेमरेअरला नीलम आणि मोती जडवलेलं पदक घेऊन देतो. टेमरेअर त्यावर जीव टाकतो. आम्हीही दिवाळीला मिळालेल्या मिठाईच्या पुड्यावर जीव टाकायचो. पण दुसऱ्या भागात स्वारी चीनला जाते, तिथे ड्रॅगन रस्त्यातून माणसांसारखे वावरतात, लिहितात-वाचतात, स्वतःच्या पैशाने खरेदी करतात. ते पाहिल्यावर पदकावर भागेल कसं? टेमरेअर परत येतो तो पगाराच्या, हक्कांच्या मागण्या घेऊनच. लॉरेन्स म्हणतो, युद्ध चालू आहे, जरा थांब. संपादक महाराज, ‘सध्या ऑर्डर अर्जंट आहे, नंतर बघू’ हे वाक्य मी नऊ वर्षांत किती वेळा ऐकलं असेल!

आणि गंमत बघा, ड्रॅगनसाठी पॅरिसचे रस्ते रुंद करतो तो नेपोलियन, म्हणजे शत्रू. पाचव्या भागात तो इंग्लंडमध्ये उतरतो तेव्हा कुठे सरकारला जाग येते. टेमरेअर तेव्हा वेल्समध्ये, पैदाशीसाठी राखलेल्या ड्रॅगनांबरोबर ठेवलेला. तो त्या सगळ्यांना गोळा करून स्वतःची फौज उभी करतो आणि मग बोलणी करायला बसतो. आधी एकजूट, मग टेबल. त्यात पर्सिशिया नावाची एक आहे, लढाईला घाबरते पण गणितात आणि डावपेचांत कोणाला ऐकत नाही. अशी एक व्यक्ती प्रत्येक युनियनमध्ये असते. मोर्चात मागे, मसुद्यात पुढे.

सहावा भाग कंटाळवाणा, ही तक्रार अर्धी मान्य. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात चोरलेल्या अंड्यामागची पायपीट फार लांबली आहे, मीही पानं उलटली. पण शेवटी उत्तर किनाऱ्यावर काय दिसतं? चिनी व्यापाराचं बंदर, जिथे माल वाहून आणतात समुद्री सर्प. ब्रिटिशांच्या जहाजांची मक्तेदारी बसल्या जागी धोक्यात! एवढ्यासाठी ती पायपीट मी माफ केली.

‘इतकी शतकं ड्रॅगन होते तर नेपोलियन जन्मलाच कसा’ असं एका वाचकाने विचारलंय. प्रश्न बिनतोड आहे, सोडून द्या. त्यापेक्षा ड्रॅगनांमुळे काय बदललं ते बघा. या जगात इंका साम्राज्य शाबूत आहे आणि आफ्रिकेतले त्स्वाना लोक ड्रॅगन घेऊन गुलामांच्या व्यापाऱ्यांची बंदरं उद्ध्वस्त करतात. याला इतिहासाची मोडतोड म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही.

माझी खरी तक्रार आठव्या भागाबद्दल आहे. लॉरेन्स जपानच्या किनाऱ्याला लागतो आणि त्याची मधल्या काळातली स्मृती जाते. टेमरेअरसकट सगळं विसरतो. सात पुस्तकं खपून जो माणूस घडवला, त्याचा हिशेब असा कोरा करायचा? ही पळवाट मला पटली नाही.

पत्र लांबलं. जागा कमी पडली तर आठव्या भागाचा परिच्छेद खुशाल कापा. लेव्हिटासचा तेवढा कापू नका.

आपला,
एक निवृत्त फिटर