तासगावच्या काकांना

आदरणीय काका,
सा. नमस्कार.

काल पहिला पीच उतरवला. देठाजवळचा हिरवा रंग जाऊन पिवळा दिसेपर्यंत हात लावायचा नाही, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून आठवडाभर रोज सकाळी नुसती बघून येत होते. कापल्यावर रस कोपरापर्यंत ओघळला आणि सगळ्यात आधी तुमची आठवण झाली.

इथे अटलांटाजवळ घर घेतलं तेव्हा हौसेनं मागच्या अंगणात तीन रोपं लावली. जॉर्जिया म्हणजे पीचचंच राज्य, इथे काय अवघड, असं वाटलं. वर्षात एक झाड वाळलं. ज्यांनी रोपं विकली त्यांनी फोनवर "माती वाईट असेल" म्हणून विषय संपवला. बागकामाला येणाऱ्या माणसानं पैसे घेऊन उरलेल्या दोन्ही खोडांभोवती लाकडाच्या भुग्याची वारुळं रचून दिली. खोडाला डिंक सुटला तेव्हा त्याच दुकानानं औषधाची बाटली विकली. झाडाकडे वाकून बघायला मात्र कोणी तयार नव्हतं.

तुम्ही मुलाकडे पाहुणे म्हणून आला होता. फिरायला निघालात आणि आमच्या कुंपणाशी थांबलात. "एक जुना चमचा देता का?" एवढंच विचारलंत. मी खुरपं आणलं तर म्हणालात, "नको, साल दुखावते." मग गुडघे टेकून, त्या तांबड्या चिकणमातीत, चहाच्या चमच्यानं खोडाभोवतीचा भुगा आणि माती थोडी थोडी दूर केलीत. कलमाचा जोड उघडा पडला. डिंकात तपकिरी भुसा मिसळलेला होता. "हा खोडकिडा," म्हणालात आणि बारीक तार घालून अळी बाहेर काढलीत. चाळीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस परक्या देशात परक्याच्या झाडापुढे तास-दीड तास बसला. "हे कोणी केलं?" असं एकदाही विचारलं नाहीत. चूक आमचीच होती, ती मला लपवावी लागली नाही. काका, मला तेच सगळ्यात जास्त भिडलं. आत येऊन मी रडले.

त्याच दिवशी सुपारीएवढी सगळी फळं तुम्ही माझ्याच हातानं खुडवलीत. जीव तुटत होता. "आधी अंग भरू दे की त्याचं. आम्ही पण पहिल्या वर्षी घड ठेवत नाही," म्हणालात. फेब्रुवारीत तुमच्याकडे द्राक्षं उतरवायची घाई, तरी पहाटे व्हिडिओ कॉलवर माझी छाटणी करून घेतलीत. झाड वाटीसारखं मधून मोकळं ठेवायचं, आणि फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं म्हणून ती सगळी कापायची नाही, हे तेव्हा डोक्यात बसलं. पुढे इथल्याच जॉर्जियातल्या फोर्ट व्हॅलीच्या पीचच्या बागा बघितल्या, तर तिथेही रांगेनं तशीच वाटीसारखी झाडं.

ज्यांना पैसे दिले त्यांना आमचं झाड दिसलं नाही, तुम्हाला रस्त्यावरून दिसलं. असं थांबून बघणारी माणसं आहेत म्हणून परगावी राहणं जमतं.

यंदा विरळणी मी एकटीनं केली, दोन फळांत वीतभर अंतर ठेवून. एकतीस पीच आहेत. तो चमचा स्वयंपाकघरात परत नेलेला नाही, बागेच्या सामानातच ठेवलाय. पुढच्या वर्षी द्राक्षं उतरवून खरड छाटणी उरकली की काकूंना घेऊन या.

तुमची,
कुंपणापलीकडची लेक