सगळे वर आले का, असं विचारणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

तुमचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही निघताना बजावलं होतंत, म्हणून नुसतं काका म्हणते. इंग्रजीतलं आभाराचं कार्ड तुम्हाला पोचलं असेल. त्यात चार ओळी होत्या आणि त्या चारही अपुऱ्या होत्या. हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ते बाबांना स्वतःला वाचता यायला हवं. शिवाय "ओसाड भिंती बघायला म्हाताऱ्या माणसाला कुठे फरफटत नेतेस, त्यापेक्षा नायगारा दाखव" असा सल्ला मला देणाऱ्या आमच्या इथल्या मंडळींनीही ते वाचावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाबा चंद्रपूरच्या कोळसा खदानीत आयुष्यभर जमिनीखाली होते. आधी कोळसा भरणारे लोडर, मग परीक्षा देऊन माइनिंग सरदार, आणि निवृत्त झाले तेव्हा ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्याही वरचे. आता छाती साथ देत नाही. थोडं चाललं की काठीवर भार टाकून उभं राहावं लागतं. त्यांची खदान बंद झाली, वसाहतीतले क्वार्टर एकेक करून रिकामे झाले, खाली उतरायच्या वाटेवर भिंत बांधली गेली. कॅलगरीला माझ्याकडे आल्यावर त्यांनी एकच मागणी केली. "इथं कोळसा निघत होता म्हणतात. तो कुठं निघत होता, ते दाखव."

पश्चिम कॅनडात अशा जागांना तोटा नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं! डोंगरात चांदी, तांबं नाहीतर कोळसा लागायचा, दोन वर्षांत हॉटेल, शाळा, चर्च आणि दवाखान्यासह गाव उभं राहायचं, आणि भाव पडला की तितक्याच घाईने मोडायचं. ब्रिटिश कोलंबियातलं सँडन चांदीवर वाढलं, ओस पडलं, आणि 1942 मध्ये तिथल्या रिकाम्या घरांत जपानी वंशाच्या कॅनेडियन कुटुंबांना आणून डांबलं गेलं. अल्बर्टातल्या नॉर्डेगच्या कोळसा खाणीत 31 ऑक्टोबर 1941 च्या स्फोटात 29 जण गेले, तरी गाव टिकलं. ते संपलं 1955 मध्ये, रेल्वे वाफेची इंजिनं सोडून डिझेलकडे वळल्यावर. बाबांना हे मी गाडीत सांगत होते. ते ऐकत होते आणि खिडकीतून डोंगरांचे थर बघत होते.

बॅन्फजवळचं बँकहेड त्यांना आवडलं. 1903 ते 1922 एवढंच त्या खाणीचं आयुष्य. तिथे अजून उभ्या असलेल्या एका भिंतीशी बाबा पाटी न वाचताच थांबले आणि म्हणाले, "ही लॅम्प रूम." खाणकामगारांचे दिवे ठेवायची जागा. पाटीवर तेच लिहिलं होतं. चिनी कामगारांच्या वस्तीत त्यांनी लावलेली रुबार्ब नावाची भाजी अजूनही उगवते, हे कळल्यावर त्यांनी वाकून त्या रुंद पानांना हात लावला. त्या कामगारांना कोळसा निवडायचं काम होतं, मजुरी इतरांपेक्षा कमी, आणि राहायची जागा कचऱ्याच्या ढिगाऱ्यांमागे. बाबा म्हणाले, "भाजी लावली म्हणजे माणूस राहायच्या तयारीनं आला होता."

त्यानंतरचं मात्र लिहिताना आजही हात थरथरतो. एका ठिकाणी, त्याचं नाव मी घेत नाही, आम्ही पैसे भरून गटाबरोबर आत जाणार होतो. आधी फोन करून काठीचं आणि दम लागण्याचं सांगितलं होतं; काही अडचण नाही म्हणाले होते. तिथे पोचल्यावर गट नेणाऱ्या माणसाने बाबांकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "यांना गाडीत बसवा, आमचं वेळापत्रक बिघडतं." बाबा शेजारी उभे असताना त्याने हे मला सांगितलं! आत जी यंत्रं दाखवणार होते, तसलीच यंत्रं ज्याने उभ्या आयुष्यात हाताळली, तो माणूस बाहेर गाडीत बसला. मीही आत गेले नाही. दुसऱ्या एका माहिती देण्याच्या खिडकीवर, चढ कमी असलेली एखादी जागा आहे का, असं विचारलं, तर "सगळं वेबसाइटवर आहे" एवढंच उत्तर मिळालं, मान वर न करता. रात्री बाबा म्हणाले, "राहू दे पोरी. बंदच झालेल्या खदानी त्या. आपण घरी जाऊ."

त्यांचं ऐकून मी घरी वळले असते, तर तुमची भेट झालीच नसती. पण मला राग आला होता, आणि त्या रागाच्या भरात मी गाडी दक्षिणेला क्रोजनेस्ट खिंडीकडे घेतली.

फ्रँक या खाणीच्या गावापाशी रस्ता थेट कोसळलेल्या डोंगरातूनच जातो. घराएवढ्या चुनखडीच्या शिळा दोन्ही बाजूंना. 29 एप्रिल 1903 च्या पहाटे टर्टल माउंटनचा कडा दीड मिनिटात खाली आला आणि नव्वदच्या आसपास माणसं त्याखाली गेली. खाणीत रात्रपाळीला असलेले 17 जण आत अडकले होते, त्यांनी कोळशाच्या थरातून वर खोदत स्वतःची सुटका करून घेतली. बाबांनी हे मला दोनदा वाचायला लावलं. "कोळशातून गेले, दगडातून नाही. थर कुठं निघतो ते ठाऊक होतं त्यांना," ते म्हणाले. लीच कोलिअरीजचे वालुकाश्मातले अवशेष हमरस्त्यालगत आहेत, तिथे त्यांना फार चालावं लागलं नाही. त्या खाणीचं पासबर्ग नावाचं गाव होतं, आज त्याचं एक घरही जागेवर नाही. आणि मग हिलक्रेस्टचं कब्रस्तान.

तुम्ही तिथे गुडघ्यावर बसून कुंपणाकडेचं गवत उपटत होतात. आम्हाला पाहून उठलात. बाबांच्या काठीकडे तुम्ही बघितलंच नाहीत, हे मला आधी जाणवलं. पिकअपमधून घडीची खुर्ची काढलीत आणि सावलीत न मांडता, 189 नावं कोरलेल्या दगडासमोर मांडलीत. बाबा बसले. तुम्ही उभे राहिलात.

मग तुम्ही सांगितलंत. 19 जून 1914 ची सकाळ. त्याआधी दोन दिवस खाण बंद होती, कोळशाला उठाव नव्हता म्हणून. त्या दोन दिवसांत आत गॅस साठला. सकाळच्या पाळीला 235 माणसं उतरली आणि साडेनऊच्या सुमाराला स्फोट झाला. 189 जण गेले. कॅनडाच्या इतिहासात खाणीत एका वेळी इतकी माणसं कधीच गेली नाहीत. 130 बायका विधवा झाल्या, चारशेच्या घरात मुलं पोरकी झाली. फ्रँकच्या त्या 17 जणांतला एकजण इथे मेला. बहुतेकांना इथेच लांबच लांब सामायिक खड्ड्यांत पुरलं. आणि नऊ दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या, पहिलं महायुद्ध आलं, आणि जगाला हिलक्रेस्टकडे बघायला वेळ राहिला नाही.

मी मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगत होते. बाबांनी विचारलं, "धूळ?" तुम्ही मान हलवलीत. बाबा म्हणाले, "गॅस फक्त काडी लावते. माणसं मारते ती धूळ." मग त्यांनी तुम्हाला आमच्याकडच्या, झारखंडातल्या ढोरी कोळसा खाणीचं सांगितलं, 1965 सालचं, 268 माणसांचं, असाच गॅसचा आणि कोळशाच्या धुळीचा स्फोट. त्यानंतर कोळशाची धूळ पेटू नये म्हणून खदानीत चुनखडीची भुकटी मारायला किती जपायचे, वातीची ज्योत बारीक करून तिच्या निळ्या टोपीवरून गॅस कसा ओळखायचे, हे हातांनी दाखवलं. बाबा अनोळखी माणसाशी इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग तुम्ही ते विचारलंत. टोपी हातात होती, आवाज नेहमीचाच. "तुमच्या हाताखाली किती माणसं असायची? सगळी वर यायची का?"

काका, या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे.

बाबांना लोकांनी खदानीबद्दल खूप विचारलंय. भीती वाटायची का, अंधार किती असतो, पगार किती मिळायचा, पेन्शन मिळते का. डॉक्टरांनी विचारलंय, धूळ किती वर्षं आत घेतली. सरदाराचं खरं काम मात्र कुणी विचारलं नव्हतं. पाळी सुरू होताना जितकी डोकी खाली गेली, पाळी संपताना तितकी वर आली की नाही, हे बघणं हेच ते काम. बाकी छत ठोकून बघणं, गॅस तपासणं, खांब लावून घेणं, सगळं त्यासाठीच. तुमचे आजोबा खाणीत होते, असं तुम्ही नंतर बोलता बोलता सांगितलंत. तुम्हाला हा प्रश्न कुठून सुचला ते तेव्हा कळलं.

बाबा बराच वेळ दगडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळे आले. एक सोडून."

छत बसलं होतं. आईला हे माहीत होतं, आम्हा भावंडांना कधी सांगितलं नव्हतं. बाबा सांगत गेले, मी तुमच्यासाठी इंग्रजीत म्हणत गेले, आणि माझा आवाज अडला तेव्हा तुम्ही मला घाई केली नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर तुम्ही त्या माणसाचं नाव विचारलंत. बाबांनी सांगितलं. तुमच्या जिभेला ते वळेना. तुम्ही पुन्हा म्हणालात, बाबांनी मान हलवली, नाही. पुन्हा म्हणालात. बाबा दुरुस्त करत राहिले, तुम्ही म्हणत राहिलात, अगदी बरोबर येईपर्यंत. आणि मग दगडाकडे तोंड करून, त्या 189 जणांसमोर, ते नाव तुम्ही एकदा नीट उच्चारलंत. ते मी इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरच्यांचं आहे. पण अल्बर्टातल्या त्या वाऱ्यात चंद्रपूरच्या एका लोडरचं नाव मोठ्याने घेतलं गेलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर पिकअपमध्ये बाबांना पुढच्या सीटवर बसवून तुम्ही जुन्या खाणीच्या जागेपर्यंत नेलंत, झाडीत शिरलेल्या भिंती दाखवल्यात. लील या ओस पडलेल्या खाणगावाचा रस्ता पायी आणि लांबचा, म्हणून तिथल्या कोक भट्ट्यांचे तुमचे फोटो दाखवलेत. बेल्जियमहून क्रमांक घालून आणलेल्या विटा, आणि आता आठवण म्हणून त्या खिशात घालून नेणारे हौशी लोक! त्यांच्याबद्दल बोलताना तुम्हाला आलेला राग मला फार जवळचा वाटला. अशा जागा बघायला येणाऱ्यांनी एक खिळासुद्धा उचलू नये. तो कायद्याने गुन्हा आहेच, पण मुळात तो कुणाच्या तरी घरातला खिळा आहे.

हिलक्रेस्टची खाण 1939 मध्ये बंद झाली. तिचे मालक गेले, नफा जिथे जायचा तिथे गेला. कबरींवरचं गवत मात्र खिंडीतली माणसं काढतात. तुम्हाला त्याचे कुणी पैसे देत नाही, हे मी विचारून घेतलं होतं. आमच्याकडे बाबांच्या खदानीपाशी भिंत आहे, कुलूप आहे, प्रवेश निषिद्धची पाटी आहे. गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी नाही. मला याची लाज वाटते आणि चीडही येते. जिथे लाखो टनांचा हिशेब ठेवता येतो, तिथे मेलेल्यांची चार-दोन नावं लिहायला काय हरकत होती?

म्हाताऱ्या माणसांना आपण सगळेच दिवसभर काही ना काही सांगत असतो. बँकेत सांगतात, दवाखान्यात सांगतात, मुलं सांगतात. इथे बसा, हे खा, तिकडे जाऊ नका. त्यांना काहीतरी येतं, आणि ते आपल्याला येत नाही, असं धरून चालणारी माणसं फार थोडी. मला या सगळ्या भटकंतीत ज्यांच्याकडे तिकिटं, गणवेश आणि पाट्या होत्या, त्यांच्यापाशी ते मिळालं नाही. ते गवत काढणाऱ्या माणसापाशी मिळालं. माणुसकीला पद लागत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण डोळ्यांनी इतकं स्वच्छ बघायला मिळालं ते हिलक्रेस्टला.

बाबा आता चंद्रपूरला परत गेले आहेत. त्यांनी मोबाइलमध्ये तुमचा आणि त्यांचा त्या दगडापाशी काढलेला फोटो जुन्या पाळीतल्या सगळ्यांना दाखवला आहे. दर फोनला तुमची चौकशी करतात. त्यांचा निरोप आहे की तुम्ही यायचंच. डिसेंबर-जानेवारीत या, मे महिन्यात अजिबात नको, आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला सोसायचा नाही. ताडोबाचा वाघ दिसेल की नाही, ते आमच्या हातात नाही. पण बाबा तुम्हाला त्या सहकाऱ्याच्या घरी नेणार आहेत. त्यांच्या बायको अजून तिथेच राहतात. तुम्ही नाव घेतलंत ते बाबांनी त्यांना समोर बसून सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी जेवणाचं आमंत्रण दिलंय, आणि पाहुण्यांना तिखट चालतं का, असं विचारलंय. तेवढं कळवा.

तुमची,
एका ओव्हरमनची मुलगी